पाहुण्यांसाठी घरच्या घरी कॉकटेल: खलबत्ता, लिंबू आणि भरपूर बर्फ

माझं पहिलं मोहितो मी मिक्सरमध्ये केलं होतं. सांगलीत विश्रामबागच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये थर्टी फर्स्टला सात-आठ जण जमलेले. पुदिन्याची अख्खी जुडी, साखर, लिंबू आणि रम एकत्र फिरवली, वर सोडा ओतला आणि ऐटीत गिलास फिरवले. प्रत्येकाच्या गिलासात हिरवा चोथा तरंगत होता. आमच्या दाजींनी एक घोट घेतला, दातात अडकलेलं पान बोटानं काढलं आणि म्हणाले, "चटणी झकास झालीया. भजी कुठायत?"

तेव्हापासून घरी बऱ्याच बैठका झाल्या, चुकाही झाल्या. त्यातून एवढं कळलं की महागड्या बाटलीचा यात फारसा हात नसतो. लिंबू ताजं, पाक मोजून आणि गिलासभर बर्फ एवढं जमलं तर साध्या रमचंही छान कॉकटेल होतं. यातलं काहीतरी चुकलं, तर इंपोर्टेड बाटलीही वाया जाते. खाली जे सांगतोय ते पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी आहे. सगळं सांगलीच्या बाजारात मिळतं आणि निम्मं तर तुमच्या ओट्यावरच असेल.

आधी कागदाचं उरकू

महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. 1949 च्या दारूबंदी कायद्यापासूनचा हा नियम आहे. एका दिवसाचा परवाना दुकानातच किरकोळ पैशात मिळतो, तो मागून घ्या. रम, व्हिस्की, व्होडका यांच्यासाठी वय 25 पूर्ण हवं, वाइन आणि सौम्य बिअरसाठी 21. म्हणजे भाच्याचे कॉलेजचे मित्र आले असतील तर त्यांच्यासाठी कोकम. ड्राय डे कधी आहे ते आधी बघून ठेवा, नाहीतर पाहुणे दारात आणि दुकानाचं शटर खाली. आणखी एक, आपल्याकडे हमखास होणारी गोष्ट: गोव्याला गेलेला कुणीतरी तिथल्या चार बाटल्या डिकीत टाकून आणतो. फक्त गोव्यात विकायची दारू परवान्याशिवाय घाटावर आणणं हा गुन्हा आहे. तसल्या बाटलीवर पार्टी ठरवू नका.

माप धरायला शिका

नवशिक्याचा हात नेहमी सढळ असतो. पाहुण्याला कमी पडायला नको म्हणून बाटली तिरकी होते आणि पहिल्याच गिलासात 80-90 मिली जाते. तेवढ्याला पुरेल इतकं लिंबू आणि साखर घालायची म्हटली तर गिलास मावणार नाही. मग कडू, जळजळीत काहीतरी तयार होतं आणि लोक म्हणतात, कॉकटेल आपल्याला नाही आवडत.

भांड्यांच्या दुकानात स्टीलचं दोन तोंडांचं पेग-माप मिळतं, एका बाजूला 30 आणि दुसऱ्या बाजूला 60 मिली. ते नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं खुणांचं झाकण धुऊन घ्या. पोह्याचा चमचा चालणार नाही, कारण प्रत्येक घरचा चमचा वेगळा असतो. मोजायचा चमचा असेल तर मोठा 15 मिलीचा आणि छोटा 5 मिलीचा.

आता पाठ करायचं ते एवढंच: 45 मिली दारू, 20 मिली लिंबाचा रस, 20 मिली पाक. जगातली निम्मी आंबट-गोड कॉकटेल या तीन आकड्यांवर चालतात. रम घातली की डायकिरी, व्हिस्की घातली की व्हिस्की सावर. आपलं कागदी लिंबू बरंच आंबट असतं, म्हणून पहिला गिलास करून आधी स्वतः चाखा. तोंड वाकडं झालं तर पाक 5 मिली वाढवा, मिटक्या मारताना सरबताची आठवण आली तर 5 मिली कमी करा. त्यानंतर मात्र रात्रभर तेच माप ठेवा.

पाक, लिंबू आणि शेकर

पाक म्हणजे गुलाबजामचा नव्हे. तारेवर आणायचा नाही. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत ढवळायचं आणि उतरवायचं, झालं. 200 ग्रॅम साखर आणि 200 मिली पाण्यात सव्वातीनशे मिलीच्या आसपास पाक होतो. गार करून बाटलीत भरा. फ्रीजमध्ये दोन आठवडे टिकतो. थेट साखर घालायचा मोह टाळा. गार पेयात ती विरघळत नाही, तळाशी रवाळ बसते आणि शेवटचा घोट नुसता गोड लागतो.

याच पाकात आल्याचा एक भाऊ करून ठेवा. साधारण 50 ग्रॅम आलं किसून गरम पाकात घाला, अर्धा तास झाकून ठेवा, मग गाळणीतून दाबून गाळा. हा पाक पुढे दोनदा उपयोगी येणार आहे, एकदा पिणाऱ्यांसाठी आणि एकदा न पिणाऱ्यांसाठी.

लिंबू फ्रीजमधून काढल्या काढल्या कापू नका. तासभर बाहेर ठेवा, ओट्यावर तळव्याखाली जोर देऊन लोळवा, मग कापा. रसाळ लिंबातून 15 ते 20 मिली रस निघतो. पिळताना सालाचा जीव काढू नका, कडवटपणा उतरतो. रस त्याच दिवशी संध्याकाळी काढायचा. आदल्या रात्री काढलेला रस दुसऱ्या दिवशी मेलेला लागतो. बाटलीतला तयार लिंबूरस तर आणूच नका, आपल्याकडे लिंबाला काय तोटा?

शेकर, म्हणजे पेय बर्फात हलवायचं झाकणाचं भांडं, विकत घ्यायची घाई नको. रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची स्टीलची बाटली किंवा काचेची बरणी चालते. फक्त बरणी कशाची होती ते बघा. मी एकदा लोणच्याची बरणी तीन वेळा घासून वापरली होती. झाकणाच्या रबरात मोहरीचा वास दबा धरून बसला होता. व्होडकाला कैरीच्या लोणच्याची चव आली आणि एकानं ती मुद्दाम केलीय असं समजून कृती विचारली.

बर्फ, इथे बहुतेकांचं फसतं

पार्टीत आधी बर्फ संपतो, दारू नाही. आठ जणांसाठी किमान चार किलो धरा. फ्रीजच्या एका ट्रेमध्ये जेमतेम पाव किलो बर्फ होतो, म्हणजे सोळा वेळा ट्रे भरायचा. हे काम तीन दिवस आधी सुरू करायचं: ट्रे जमला की प्लॅस्टिकच्या पिशवीत रिकामा करा, पिशवीचं तोंड घट्ट बांधा, ट्रे पुन्हा भरा. तोंड उघडं राहिलं तर शेजारच्या मटणाचा, वाटलेल्या लसणाचा वास बर्फ ओढून घेतो. पाणी पिण्याचंच वापरा. कारखान्यातली लादी बाटल्या गार करायला बादलीत टाकायला ठीक आहे, गिलासात नको.

गिलासात दोन खडे टाकले की पेय पाणचट होणार नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. होतं ते उलटंच. दोन खडे गरम पेयाशी झगडताना लगेच वितळून जातात. गिलास काठोकाठ बर्फानं भरला की पेय पटकन गार होतं आणि गार पेयात बर्फ हळू वितळतो. म्हणून आधी बर्फ भरायचा, मग बाकीचं ओतायचं.

शेकरमध्येही तेच. निम्मी बरणी बर्फ, त्यावर दारू, लिंबू, पाक. झाकण घट्ट लावा, फडक्यात धरा आणि 12 ते 15 सेकंद जोरात हलवा. बरणीला बाहेरून घाम फुटला, हाताला चटका बसावा इतकी गार लागली की थांबा. हलवताना थोडा बर्फ वितळतो ते पाणी कृतीचाच भाग आहे, त्यानं दारूची धार बोथट होते. लिंबू किंवा फळाचा रस असेल तर हलवायचं, नुसती दारू आणि सोडा असेल तर चमच्यानं हलकं ढवळायचं. आणि सोडा कधीही शेकरमध्ये घालायचा नाही. वायू कोंडतो, झाकण उडतं. आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर असा एक डाग अजून आहे.

आता करायला घ्या

सुरुवात रमनं करा. आपण उसाच्या पट्ट्यात राहतो आणि रम ही उसाचीच लेक. कारखान्यात साखर काढून झाल्यावर जी मळी उरते, ती आंबवून, ऊर्ध्वपातन करून रम होते. डायकिरी हे नाव क्युबातल्या सँतियागो शहराजवळच्या खाणीच्या गावाचं. तिथेही ऊस, तिथेही लिंबं. 45 मिली पांढरी रम, 20 लिंबू, 20 पाक, बर्फात हलवून गाळून लहान गिलासात. पांढरी मिळाली नाही तर ओल्ड मंक घ्या. रंग काळपट येईल, चवीला व्हॅनिला-गुळाची झाक येईल, पण वाईट नाही. मला तर तीच जास्त आवडते.

डायकिरी जमली की मोहितो म्हणजे तिचंच लांबवलेलं रूप. उंच गिलासात पुदिन्याची आठ-दहा पानं, 20 मिली पाक, 20 मिली लिंबू. आता लाटण्याच्या टोकानं किंवा बत्त्यानं पानं फक्त दाबायची, दोन-तीनदा. वास सुटला की पुरे. वाटली तर हिरवा कडवटपणा उतरतो आणि दाजी भजी मागतात. मग 45 मिली रम, गिलासभर बर्फ, वरून 100 मिली गार सोडा, खालून वर एकदा चमचा फिरवा. सजावटीसाठी पुदिन्याचा एक शेंडा घ्या, तळहातावर टाळीसारखा आपटा आणि गिलासात खोवा. पिताना नाकाशी तोच वास येतो, म्हणून हा शेंडा नुसता शोभेचा नाही.

आता आपल्या गावची गोष्ट. उन्हाळ्यात रसवंतीवरून बिनबर्फाचा, आलं-लिंबू न घातलेला उसाचा रस आणा. गिलासात बर्फ, 45 मिली रम, 15 मिली लिंबू आणि 100 मिली रस. पाक अजिबात नको, मीठ मात्र चिमूटभर घाला, चव उठते. रस हवेत काळा पडत जातो आणि तासाभरात चवही उतरते, म्हणून पाहुणे बसल्यावरच कुणालातरी किटली देऊन पिटाळा. हे कॉकटेल मी कुठे वाचलेलं नाही, रसवंतीसमोर उभं असताना सुचलं. रम आणि रस एकाच वाड्यातली चुलत भावंडं, त्यांचं जमणारच.

द्राक्षांचा हंगाम असेल, म्हणजे साधारण जानेवारी ते एप्रिल, तर तासगावकडची द्राक्षं सोडू नका. सोनाका, माणिक चमन, तास-ए-गणेश, काहीही चालेल. काळी घेतली तर रंग सुरेख येतो. फवारणी असते, तेव्हा मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. दहा-बारा द्राक्षं बरणीत टाकून बत्त्यानं चांगली ठेचा, इथे पुदिन्यासारखं लाजायचं कारण नाही. त्यावर 45 मिली व्होडका, 15 मिली लिंबू, 10 मिली पाक आणि बर्फ. हलवा, चहाच्या गाळणीतून गाळा, कारण सालं घशाशी येतात. हंगाम भरात असताना द्राक्षं इतकी गोड असतात की पाक नसला तरी भागतं, आधी एक खाऊन बघा.

आल्याच्या पाकाचं काम इथे. 45 मिली व्होडका, 15 मिली लिंबू, 20 मिली आल्याचा पाक, बर्फ, वर 100 मिली सोडा. अमेरिकेत हेच जिंजर बिअर घालून तांब्याच्या पेल्यात देतात आणि मॉस्को म्यूल म्हणतात. आपल्याकडे तांब्याचे पेले घरोघर आहेत, पण कल्हई नसलेल्या तांब्यात लिंबाचं पेय ठेवू नये. काचेच्या गिलासातच द्या.

जिन आणि टॉनिकला काहीच कौशल्य लागत नाही: बर्फ, 45 मिली जिन, 120 मिली टॉनिक, लिंबाची फोड. टॉनिक म्हणजे सोडा नव्हे, एवढं लक्षात ठेवा. त्यात क्विनाइनचा कडूपणा आणि साखर दोन्ही असतं. हिवतापावर क्विनाइन घेताना त्याचा कडवटपणा मारायला हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी त्यात जिन मिसळायला सुरुवात केली. म्हणजे या पेयाचं मूळ आपल्याच डासांत आहे.

व्हिस्कीवाल्यांशी वाद घालू नका. प्रत्येक बैठकीत एक जण असतोच. आमच्याकडे दाजी: "हे सरबत पोरास्नी द्या, मला आपली व्हिस्की आन् पानी." त्यांना उंच गिलासात काठोकाठ बर्फ, 45 मिली व्हिस्की, 120 मिली कडक गार सोडा, आणि वरून लिंबाच्या सालाची चकती पिरगळून द्या. सालातलं तेल वर उडतं, वास पालटतो. दाजी काही बोलले नाहीत, पण दुसरा गिलास त्यांनी तसलाच मागितला.

न पिणाऱ्याचा गिलासही तितकाच देखणा हवा

त्याला कोपऱ्यात कोल्ड्रिंकची बाटली धरून बसवू नका. 25 मिली कोकम आगळ, 20 मिली आल्याचा पाक, बर्फ, सोडा, वर भाजलेल्या जिऱ्याची चिमूट. आगळ खारं असतं, तेव्हा मीठ घालायच्या आधी चाखा. हाच गिलास गाडी चालवणाऱ्यालाही जातो. कायद्यानं 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा, पहिल्यांदा सापडलात तरी दंड 10,000 रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आपल्याकडच्या रम-व्हिस्कीत सहसा 42.8 टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे 45 मिलीच्या एका कॉकटेलात साधारण 15 ग्रॅम. शरीर ते तासाला फार तर सात ते दहा ग्रॅम या वेगानं संपवतं. काळी कॉफी, गार पाण्यानं तोंड धुणं, काही उपयोग नाही. मिरज, माधवनगर, कुपवाड, "हे काय जवळच आहे" म्हणणाऱ्याची किल्ली दारातच मागून घ्या. गोड कॉकटेलात दारू जाणवत नाही, म्हणून हे व्हिस्की-पाण्यापेक्षा जास्त सांभाळावं लागतं.

आठ पाहुण्यांचा हिशोब

दोन-दोन गिलास धरले तर सोळा गिलास. 45 गुणिले 16 म्हणजे 720 मिली, एका खंब्यात, म्हणजे 750 मिलीच्या बाटलीत, काम भागतं. लिंबं वीस, पाक वर सांगितला तेवढा, सोडा दोन लिटर, तोही लहान बाटल्यांत. मोठी बाटली अर्धी झाली की मरते. सगळी कॉकटेल एकाच रात्री करायची नाहीत. दोन पिणाऱ्यांची, एक न पिणाऱ्यांचं, आणि दाजींची व्हिस्की, बस. सहा प्रकार ठेवले की यजमान रात्रभर ओट्याशी उभा राहतो आणि मैफल दुसऱ्या खोलीत रंगते.

दुपारी पाक गार करा, सोडा फ्रीजमध्ये आडवा टाका, पुदिना धुऊन ओल्या फडक्यात गुंडाळा. पाहुणे यायच्या तासभर आधी लिंबं पिळा. रिकाम्या पोटी कुणाला पहिला गिलास देऊ नका. भडंग समोर ठेवा, लसूण-शेंगदाण्याचं, शेजारी काकडी. तांबडा रस्सा मात्र कॉकटेल संपल्यावर. अल्कोहोल आणि सोड्याचे बुडबुडे, दोन्हींनी तिखटाची आग वाढते, मग लोक ती विझवायला आणखी पितात. प्रत्येक गिलासामागे एक पेला साधं पाणी द्या. तांब्या-भांडं मधोमध ठेवलं की न सांगता घेतात.

एक तयारी दोन दिवस आधीची: वाटीभर बेदाणे धुऊन, पुसून, बुडतील इतक्या रममध्ये भिजत घाला. फुगून टपोरे होतात. डायकिरीत दोन टाका, उरलेले आइस्क्रीमवर. फक्त बरणीवर चिठ्ठी डकवा. आमच्या सासूबाईंनी ते साधे बेदाणे समजून सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यासाठी काढले होते. झाकण उघडल्याबरोबर वास आला म्हणून वाचलो.